वाघिणीच्या पाठीवर वाघीण

मालगाडीच्या डब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. इंग्रजी ‘वॅगन’ आपल्या कानांनी अशी ऐकली आणि जिभेने ती कायमची ठेवून घेतली. ‘कांद्यासाठी वाघिणी मिळेनात’ अशी बातमी वाचून कुणाला जंगल आठवत नाही, इतका तो शब्द रुळला आहे. शब्द देखणा असला तरी वस्तूकडे मात्र कुणी पाहत नाही. रेल्वेवर प्रेम करणारी माणसं इंजिनावर प्रेम करतात. इंजिनाला नाव असतं, नंबर असतो, निवृत्त झालं की स्टेशनाबाहेर चौथरा आणि भोवती हिरवळ मिळते. वाघीण चालेनाशी झाली की गॅसकटरने तिचे तुकडे होतात आणि ती टनावर विकली जाते.

गेली बरीच वर्षं मी या वाघिणींच्या मागे आहे. मी इंजिनिअर नाही, इतिहासाचा पदवीधरही नाही. जुने अहवाल, नकाशे, छायाचित्रं आणि मिळाली तर मोजमापं, एवढ्यावर माझं काम चालतं. त्यातून एका माणसाच्या डोक्यातून निघालेल्या दोन वाघिणी माझ्या हाती लागल्या. एक सोलापूर जिल्ह्यात धावली, दुसरी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या एका दरीत. पहिलीने आपल्याकडच्या दुष्काळी मुलखाला बाजार जोडून दिला. दुसरी तीसच वर्षं चालली आणि फारसा नफाही कमावू शकली नाही. तरी जगातले छांदिष्ट आज दुसरीच्या प्रतिकृती करतात. पहिलीचं नाव इंजिनांच्या आठवणींत कुठेतरी तळाशी येतं. हा हिशेब मला खटकतो, म्हणून हे लिहितो आहे.

माणसाचं नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७, लिंकनशायरमधला. इंग्लंडातल्या कारखान्यांत उमेदवारी करून १८८२ साली तो हिंदुस्थानात आला आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे आपल्या जीआयपीत, इंजीन निरीक्षक म्हणून लागला. जीआयपीची मुंबईहून मद्रासकडे जाणारी मुख्य लाइन सोलापूर जिल्ह्यातून जाते, पण बार्शीला टाळून जाते. बार्शी ही तेलबिया, धान्य आणि कापसाची पेठ. मराठवाड्यातला, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातला माल बालाघाट उतरून बार्शीला येई आणि तिथून बैलगाड्यांनी वीसएक मैल खडखडत ‘बार्शी रोड’ स्टेशनावर जाई. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डूवाडी. स्टेशनाच्या नावातच कबुली होती की गाव इथे नाही, गावाचा रस्ता तेवढा इथून फुटतो.

या वीस मैलांसाठी रूळ टाकायचे तर मोठ्या लाइनीसारखे भारी रूळ, भारी पूल आणि रुंद भराव परवडणारे नव्हते. कॅलथ्रॉपने प्रश्न उलटा धरला. तोवरचा शिरस्ता असा होता की आधी इंजीन ठरवायचं, मग ते पेलणारा रूळ, आणि वाघिणी शेवटी, जमतील तशा. कॅलथ्रॉपने आधी विचारलं की एका आसावर किती वजन येऊ द्यायचं. उत्तर ठरवलं पाच टन. मग नियम केला की इंजीन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये, आणि मालाच्या वाघिणीने मात्र तो पाच टन पुरेपूर वापरावा.

ऐकायला साधी गोष्ट आहे. तिचा परिणाम साधा नव्हता. रूळ आणि पूल तुटतात ते गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, तर एका जागी पडणाऱ्या वजनाने. तांदळाचं पोतं एका खिळ्यावर ठेवलं तर फाटतं, खिळ्यांच्या फळीवर ठेवलं तर टिकतं. कॅलथ्रॉपच्या नियमामुळे यार्डाला तीस पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलोंचा रूळ पुरला. वाघिणीखाली दोन बोग्या. बोगी म्हणजे इथे प्रवासी डबा नव्हे, तर डब्याखालचा चार चाकांचा वळता गाडा. दोन बोग्यांचे चार आस, चार पंचे वीस टन. या वीस टनांत वाघीणही आली आणि मालही आला. म्हणजे वाघिणीचं स्वतःचं वजन एका टनाने घटलं की माल एका टनाने वाढतो. कंपनीला पैसे मालाचे मिळतात, लोखंड वाहून नेण्याचे मिळत नाहीत. मग वाघीण हलकी करणं हाच धंदा झाला.

हलकी वाघीण कॅलथ्रॉपला लीड्समध्ये मिळाली. तिथल्या लीड्स फोर्ज कंपनीचा संस्थापक सॅमसन फॉक्स हा अवलिया होता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकची इमारत ज्याच्या देणगीतून उभी राहिली, तोच हा. त्याने वाघिणीचे सांगाडे कोनपट्ट्या जोडून करण्याऐवजी पोलादाचा पत्रा तापवून प्रचंड दाबाखाली एका घावात आकाराला आणण्याची रीत बसवली होती. सांधे कमी, वजन कमी, ताकद तीच. या दाबीव पोलादावर कॅलथ्रॉपने आपला एकच सांगाडा ठरवला: पंचवीस फूट लांब, सात फूट रुंद. त्यावर बंद पेटी बसवली की धान्याची वाघीण, कडेला बुटक्या फळ्या लावल्या की उघडी. खालचा सांगाडा, बोग्या, चाकं सगळी सारखीच. कुर्डूवाडीच्या कारागिराने एक वाघीण उघडून पाहिली की बाकीच्या सगळ्या त्याला कळल्या.

रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट. अडीच फुटांच्या रुळांवर सात फूट रुंद गाडी म्हणजे रुळांच्या पावणेतीनपट रुंदी. मोठ्या लाइनीवर गाडीची रुंदी रुळांच्या दुपटीच्या आतबाहेर असते. त्यामुळे बार्शी लाइटची जुनी छायाचित्रं पाहिली की जाड बाई टाचांच्या चपला घालून चालली आहे असं वाटतं. पण ती पडत नव्हती. इंग्लंडातल्या मोठ्या गेजवरच्या तेव्हाच्या छोट्या चारचाकी वाघिणींपेक्षा ही ‘लहान’ रेल्वेची वाघीण लांबीला सरस होती. ‘नॅरोगेज’ म्हटलं की आपल्याकडे अजूनही खेळण्यातली गाडी डोळ्यांसमोर येते. मालाच्या बाबतीत ते चित्र साफ चूक आहे.

१८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदली गेली. १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे रुळांचा एक तुकडा टाकून या गाड्या इंजिनिअर मंडळींना चालवून दाखवण्यात आल्या. इंजीन लीड्सच्याच किटसन कंपनीचं, आठ जोडचाकांचं. पाच टनांचा नियम पाळून ताकद वाढवायची तर चाकंच वाढवावी लागतात. पाहिलंत ना, इथे वाघिणीचा नियम इंजिनाला पाळावा लागला. १८९७ मध्ये कुर्डूवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर, १९२७ साली मिरज अशी ती वाढत २०२ मैलांवर गेली. मिरजेला रूळ पोचले त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. शेवटची वर्षं त्याने हवाई छत्रीच्या मागे घालवली होती. चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र, रोल्स-रॉइस मोटारीतला रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून गेला, त्यानंतर हा नाद लागला. त्याने छत्रीला ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं. उंचावरून पडणारं वजन असो की रुळांवर पडणारं, हा माणूस आयुष्यभर वजन अलगद टेकवायच्या खटपटीत होता.

एक दुखणं मात्र बार्शी लाइटला जन्मभर राहिलं. कुर्डूवाडीला अडीच फुटांची लाइन संपते आणि साडेपाच फुटांची सुरू होते. वाघिणी एका रुळावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाहीत. त्यामुळे बार्शी-लातूरकडून आलेलं प्रत्येक पोतं इथे उतरायचं, माणसाच्या पाठीवरून पलीकडे जायचं आणि पुन्हा भरलं जायचं. कुर्डूवाडीच्या एका निवृत्त हमालांना मी याबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, “वझ्याचं काय न्हाई वो, वझं सवयीचं. तरास मोजणीचा. हितं एकदा मोजायचं, तितं एकदा मोजायचं. एक पोतं कमी भरलं की समद्यांचा चहा बंद.” गेजबदलाच्या खर्चावर इंजिनिअरांनी कितीतरी पानं लिहिली आहेत, त्यांत टनामागे अमुक आणे असतं. मोजणीतल्या भांडणांचा, ओल्या पोत्यांचा आणि फुटलेल्या शिवणींचा रकाना कुठे नसतो.

आता दुसरी वाघीण. १९०४ साली स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे सुरू झाली. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, सव्वाआठ मैल. इंजिनिअर कॅलथ्रॉपच, गेज तेच अडीच फूट, इंजिनं किटसनचीच. दोनच इंजिनं होती आणि त्यांतल्या एकाचं नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. त्या धुकट दरीत ही इंजिनं समोर भलामोठा दिवा लावून फिरत. पाहणाऱ्याला ती चुकून हिंदुस्थानातून आल्यासारखी वाटत, आणि वंशावळीने ती तिथूनच आली होती. प्रवासी डबे फिकट पिवळे. दरीत गावं थोडी आणि तीही डोंगरावर, स्टेशनं खाली. खरा धंदा दुधाचा.

दुधाला पोत्यांसारखं उतरवून पुन्हा चढवणं परवडत नाही. कॅलथ्रॉपने इथे कुर्डूवाडीच्या दुखण्यावर औषध काढलं. वॉटरहाउसेसला मोठ्या लाइनीवरून आलेली वाघीण रिकामी करायचीच नाही, ती अख्खीच्या अख्खी छोट्या लाइनीच्या एका खास वाघिणीवर चढवायची. या खास वाघिणीला ट्रान्सपोर्टर म्हणत. हमालाने पोतं घ्यावं तशी तिने दुसरी वाघीण पाठीवर घ्यायची.

ही युक्ती कशी साधते हे समजायला थोडी भूमिती लागते. मोठ्या लाइनीचं गेज तिथे १४३५ मिलिमीटर, छोटीचं ७६२. जवळपास दुप्पट. त्यामुळे ट्रान्सपोर्टरच्या बोग्या मधोमध राहतात आणि दोन्ही कडांना, बोग्यांच्या बाहेरून, लांब तुळया खाली सोडता येतात. पाहुण्या वाघिणीची चाकं या तुळयांवर टेकतात. म्हणजे ती बोग्यांच्या वर न चढता त्यांच्या दोन्ही बाजूंनी खाली बसते, घोड्यावर मांड ठोकून पाय खाली सोडावेत तशी. गुरुत्वमध्य खाली राहतो आणि अडीच फुटांच्या रुळांवर हा डोलारा कलंडत नाही. चढवायची पद्धतही साधी. मोठ्या लाइनीचा रूळ एका धक्क्याच्या टोकाशी संपवायचा, तिथे ट्रान्सपोर्टर आणून लावायचा, वाघीण ढकलायची, चाकांना अटकाव घालायचा, की निघाली स्वारी.

दरीतल्या एक्टन, हल्म एंड अशा स्टेशनांत वाघीण उतरवून ठेवायला मोठ्या गेजच्या रुळांचे छोटे तुकडे टाकले होते. जगातल्या कुठल्याही मोठ्या लाइनीला न जोडलेले, चारदोन वाघिणींपुरते. एक्टनच्या दुग्धालयात दूध भरायचं, टाकी ट्रान्सपोर्टरवर चढायची, वॉटरहाउसेसला उतरायची आणि स्वतःच्या चाकांवर लंडनला जायची. याची किंमतही होती. स्वेन्सली इथला बोगदा छोट्या गाडीपुरता खणून चालला नसता. पाठीवरच्या पाहुणीसकट जाईल एवढा उंच आणि रुंद करावा लागला. लाइट रेल्वेत वाचवलेला पैसा असा दुसरीकडून गळाला. १९३२ मध्ये एक्टनचं दुग्धालय बंद झालं, दूध मोटारींनी जाऊ लागलं आणि १२ मार्च १९३४ ला गाडी थांबली. रुळांच्या जागी पायवाट झाली. स्वेन्सलीच्या त्या बोगद्यातून आज मोटारी जातात, आणि त्या जाऊ शकतात याचं कारण ट्रान्सपोर्टर.

हेच औषध कुर्डूवाडीला का दिलं नाही? माझ्या मते दोन कारणं. एक, आपल्या मोठ्या लाइनीची वाघीण इंग्रजी वाघिणीहून रुंद आणि जड. भरलेली वाघीण अधिक ट्रान्सपोर्टर हे ओझं पाच टनांच्या चार आसांत बसवणं अवघड आणि पाठीवर घेऊन शंभरेक मैल लातूरकडे नेणं त्याहून. दुसरं कारण लिहायला सोपं आणि वाचायला कडू आहे. कुर्डूवाडीत माणसाची पाठ ट्रान्सपोर्टरपेक्षा स्वस्त होती. जर्मनीत १८८० च्या दशकापासून अशा वाहक गाड्यांचा सुकाळ झाला, कारण तिथे हमालीचे पैसे मोजावे लागत.

मॅनिफोल्डची दोन्ही इंजिनं भंगारात गेली. चालवून पाहावं असं तिथे काही उरलं नाही. तरीही ही रेल्वे जिवंत आहे ती प्रतिकृतींमध्ये, आणि त्यांतही करणाऱ्याचा जीव इंजिनापेक्षा ट्रान्सपोर्टरवर जास्त. इथे एक गंमत आहे. इंग्लंडातले बहुतेक छांदिष्ट फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात काम करतात. या मापाने अडीच फुटांचं गेज दहा मिलिमीटर व्हायला हवं, पण सहज मिळणारे रूळ नऊ मिलिमीटरचे, म्हणून तेच वापरतात. मोठ्या लाइनीचं गेज १८.८३ व्हायला हवं, पण रूढ आहेत साडेसोळाचे. म्हणजे छोटी लाइन दहा टक्के अरुंद आणि मोठी लाइन बारा टक्के अरुंद. दोन्ही चुका एकाच दिशेच्या आणि जवळपास सारख्या. त्यामुळे ट्रान्सपोर्टर आणि त्याच्या पाठीवरची वाघीण एकमेकांशी चपखल दिसतात. जर्मन लोक १:८७ हे प्रमाण घेतात. तिथे मोठं गेज अचूक साडेसोळा येतं आणि ७५० मिलिमीटरचं छोटं गेज ८.६२, म्हणजे नऊच्या बरंच जवळ. सॅक्सनीतल्या छोट्या रेल्वेंच्या वाहक गाड्यांच्या तयार प्रतिकृती दुकानात मिळतात आणि तिथल्या जपलेल्या लाइनींवर खऱ्या गाड्याही दाखवतात.

वाघीण जपली जाते कुठे, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘जिथे तिला काम मिळालं तिथे’ असं असतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ पफिंग बिली नावाची रेल्वे आहे. अडीच फुटांचीच, आणि तिथेही एकाच सांगाड्यावर नाना प्रकारच्या गाड्या बसवायची कल्पना. तिथल्या उघड्या मालवाघिणींवर बाकं आणि छप्पर बसवून प्रवासी नेऊ लागले, म्हणून त्या वाचल्या. वेल्समधली वेल्शपूल-लॅनफेअर १९५६ साली बंद झाली आणि १९६३ मध्ये हौशी मंडळींनी पुन्हा सुरू केली. तिथे मूळच्या काही मालवाघिणी राहिल्या, कारण पहिल्या दिवसापासून खडी आणि रूळ वाहायला त्या हव्याच होत्या.

आपल्याकडे १९५४ साली बार्शी लाइट सरकारने घेतली. नव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत तुकड्यातुकड्याने सगळी लाइन रुंद झाली. ती व्हायलाच हवी होती. लातूरच्या माणसाला मुंबईची गाडी मिळाली, कुर्डूवाडीची मोजणी संपली. त्यावर हळहळणारे बहुतेक जण बाहेरून फोटो काढायला आलेले होते. कुर्डूवाडीचा कारखाना टिकला आणि माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे तिथे होतात ही आनंदाची गोष्ट. पण गेज बदलताना इंजिनांबद्दल पत्रं लिहिली गेली, वाघिणींबद्दल कुणी लिहिलं नाही. ज्या गोष्टीपासून सगळी रेल्वे सुरू झाली, तो पंचवीस बाय सातचा सांगाडा. त्याचं चित्र शाळेतल्या पोराला दाखवायचं म्हटलं तर जुन्या छायाचित्रात इंजिनाच्या मागे, अर्धवट कापलेलं सापडतं.

मी तो कागदावर पुन्हा काढायला लागलो आणि मग पत्र्यात. १:८७ प्रमाण घेतलं. ७६२ ला ८७ ने भागलं की ८.७६, म्हणजे नऊच्या रुळाशी पाव मिलिमीटरचाच फरक. इंग्रजांच्या चार मिलिमीटरपेक्षा बार्शी लाइट जर्मन मापात जास्त खरी उतरते. वाघिणीची लांबी गेजच्या बरोबर दहापट आहे, हे आकडेमोड करतानाच लक्षात आलं. म्हणून प्रतिकृती ८७.६ मिलिमीटर लांब, साडेचोवीस रुंद. पत्रा पातळ घेतला तर वाघीण इतकी हलकी होते की वळणावर रूळ सोडते. खऱ्या कॅलथ्रॉपला वजन काढायचं होतं, मला तळाशी शिशाची पट्टी चिकटवून वाढवावं लागतं.

मी केलेला देखावा कुर्डूवाडीच्या बदलाच्या धक्क्याचा आहे. एका बाजूला नऊ मिलिमीटरचे रूळ, दुसऱ्या बाजूला आपल्या मोठ्या लाइनीचे सव्वाएकोणीस मिलिमीटरचे, हाताने बसवलेले. साडेपाच फुटांच्या माणसाची प्रतिकृतीही तेवढीच, सव्वाएकोणीस मिलिमीटर; आडवी ठेवली तर दोन रुळांमध्ये नेमकी मावते. अशी बावीस माणसं धक्क्यावर आहेत, पाठीवर दहा मिलिमीटरची पोती. कोपऱ्यात वही घेऊन एक मोजणारा. पाहायला येणारी मुलं पहिल्यांदा विचारतात, काका, इंजीन कुठंय? इंजीन अजून केलेलं नाही. बंद पेटीच्या चार आणि उघड्या दोन अशा सहा वाघिणी झाल्या आहेत. सातवीच्या बोग्या सध्या टेबलावर आहेत, चाकं यायची आहेत.